पायाखालचा बॉल आणि जावयाची शिट्टी

सलग तीन वर्षं मी लक्ष्मीपूजनाला घरी नव्हतो. परदेशात नव्हतो, आजारी नव्हतो, बायकोशी भांडणही नव्हतं. घरापासून दुचाकीवर पंधरा मिनिटांच्या अंतरावर, सातपूरला, कारखान्यातल्या भट्टीसमोर बसलो होतो. आणि तिथे का बसलो होतो याचं खरं उत्तर इतकंच की मला फुटबॉलमधल्या ट्रिक्स करायची हौस आहे.

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्याकडे लोखंडी भाग भट्टीत तापवतात आणि लाल झाले की तेलात बुडवून कडक करतात. ही भट्टी दिवाळीत बंद करता येत नाही. गार झाली की आतल्या विटांना तडे जातात. म्हणून माल काढत नसले तरी ती मंद चालू ठेवायची आणि तिच्यापाशी चार माणसं बसवायची. इतर दिवशी कुणीही बसतं, कुरकुर नसते. भांडण असायचं ते एकाच वेळेवरून. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी तीन ते रात्री अकरा.

भट्टीवर आमचे दोन गट. साहेबांनी कधीच अंग काढून घेतलेलं, "तुमचं तुम्ही ठरवा, मला चार माणसं दिसली पाहिजेत." आधी चिठ्ठ्या काढायचो. मग एका वर्षी चिठ्ठ्या ज्या टोपीत टाकल्या ती टोपी कुणाची होती यावरून वाद झाला. पुढच्या वर्षी क्रिकेटची मॅच ठेवली, तर एका एलबीडब्ल्यूवरून दोन्ही गट दोन महिने वेगवेगळ्या टेबलांवर डबे खात होते. शेवटी स्टोअरच्या कपाटामागे एक फुटबॉल सापडला. फुटबॉलमध्ये एलबीडब्ल्यू नसतं, चाळीस मिनिटांत संपतं, आणि आमच्यात तो कुणालाच येत नसल्यामुळे कुणावर अन्यायही होत नाही. तेव्हापासून दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी सात-सात जणांची मॅच. हरलेल्या गटातली वयाने मोठी चार माणसं लक्ष्मीपूजनाला भट्टीवर. मोठीच का, तर पोरांना फटाके उडवायचे असतात. हा नियम झाला तेव्हा मीच पहिला हात वर केला होता. त्या वेळी मी स्वतःला पोरांमध्ये धरत होतो.

तर ट्रिक्स. जन्मात कधी फुटबॉलला पाय न लावलेला माणूस चाळिशी ओलांडल्यावर मोबाईलवर ते व्हिडिओ बघतो आणि त्याला वाटतं, अरे, हे तर नुसतं पाय फिरवणं आहे. मी गच्चीवर सराव सुरू केला. पाण्याची टाकी म्हणजे बचावपटू, तुळशीची कुंडी म्हणजे दुसरा बचावपटू. टाकीला मी शेकडो वेळा चकवलं. कुंडीला एकदा लागलं, पण तुळस वाचली. बायकोने फक्त एवढंच विचारलं, "अहो, टाकी मॅचला येणार आहे का?"

पहिल्या वर्षी मी स्टेपओव्हर केली. म्हणजे बॉल जागच्या जागी ठेवायचा, त्याच्यावरून एक पाय फिरवायचा, मग दुसरा, समोरचा गोंधळला की निसटायचं. माझ्यासमोर दुसऱ्या गटाचा म्होरक्या होता. हा निफाडचा, घरी द्राक्षबाग, उंचीने माझ्या खांद्याएवढा आणि रुंदीने दाराएवढा. मी उजवा पाय फिरवला, डावा फिरवला, परत उजवा फिरवला. तो कमरेवर हात ठेवून शांतपणे बघत उभा. माझा दम संपल्यावर म्हणाला, "झालं का, भाऊ?" आणि बॉल घेऊन गेला. तिकडे गोल झाला.

दुसऱ्या वर्षी मी बॉल दोन टाचांमध्ये धरून डोक्यावरून पुढे उडवायला गेलो. बॉल उडाला नाही, मी उडालो. पुढे आठ दिवस बायको कमरेला शेक देत होती आणि शेकता शेकता सगळं ऐकवतही होती.

तिसऱ्या वर्षीची ट्रिक मात्र अगदी व्हिडिओतल्यासारखी जमली, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. मागे न बघता टाचेने आमच्या गोलकीपरकडे पास. वजन बरोबर, दिशा बरोबर. फक्त गोलकीपर तेव्हा बाटलीतलं पाणी प्यायला बाजूला गेला होता. बॉल निवांत आमच्याच दोन पिंपांमधून गेला. आमचे गोलपोस्ट म्हणजे तेलाची रिकामी पिंपं.

तिन्ही वर्षं हरलो. तिन्ही वर्षं लक्ष्मीपूजनाला माझ्या पाटावर बायकोने मोबाईल उभा केला आणि मी भट्टीपासून व्हिडिओ कॉलवर पूजेला बसलो. तिथे रेंज येते आणि जाते. शेवटच्या वर्षी ऐन आरतीत मी तोंड उघडलेलं असताना चित्र अडकलं आणि प्रसाद वाटून होईपर्यंत तसंच राहिलं. लक्ष्मीला मी तसाच दिसलो असणार. दिवाळीला घेतलेले शर्ट तिन्ही वर्षांचे कपाटात तसेच. भट्टीवर नवा शर्ट घालून गेलं की तेलाचा वास बसतो, तो कशानेही जात नाही.

आता या वर्षाचं. मे महिन्यात मुलीचं लग्न झालं. जावई मनमाडचे, रेल्वेत नोकरीला. म्हणजे ही दिवाळी त्यांचा पहिला दिवाळसण. जावई येणार, व्याही-विहीणबाई येणार, लक्ष्मीपूजन इथेच, पाडवा इथेच. गणपती झाल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

"या वर्षी तुम्ही पाटावर बसलेले पाहिजेत," बायको म्हणाली. "तुम्ही. मोबाईल नाही."

"रजा टाकून बघतो."

"तीन वर्षं टाकताय. मिळाली का? बाकीच्यांना काय घरदार नाही? ते काही नाही. तुम्ही फक्त एक करा. बॉल आला की लाथ मारा. लांब. ते नाचणं नको."

"त्याला नाचणं म्हणत नाहीत."

"विहीणबाई विचारतील, यजमान कुठे? मी काय सांगू, फुगडी घालताना हरले?"



आमच्या गटातल्या पोरांनाही माझी खात्री नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही भट्टीची पूजा करतो. तिला झेंडूचं तोरण, हळदकुंकू, समोर नारळ. या वर्षी आरती झाल्यावर पोरांनी मला हाताला धरून पुढे नेलं. आमचा गोलकीपर, जो एरवी क्रेन चालवतो, तो म्हणाला, "दादा, हात ठेवा."

"कुठे?"

"भट्टीवर. म्हणजे, कठड्यावर. आणि म्हणा, मी मॅचमध्ये ट्रिक करणार नाही."

"अरे काय पोरखेळ लावलाय..."

"दादा, आमच्या घरी पण दिवाळी आहे. तुमच्यामुळे तीन वर्षं आमच्या मामांना बसावं लागलं." मामा म्हणजे आमच्या गटातले सगळ्यात ज्येष्ठ. ते मागे उभे राहून नारळाचा तुकडा चघळत होते. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते छताकडे बघायला लागले. मी शपथ घेतली. भट्टी साक्षीला होती, आणि भट्टीला मी घाबरतो.

मॅचच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी मुलगी आणि जावई कपडे खरेदीच्या निमित्ताने नाशिकला आले. आता एक गोष्ट कबूल करतो. लग्न ठरताना कळलं होतं की जावई मनमाडला रेल्वे कॉलनीच्या मैदानावर लहानपणापासून फुटबॉल खेळलेले आहेत. हे कळल्यावर मी जे शांत बसायला हवं होतं ते बसलो नाही. "अरे वा, आम्हीही खेळतो," असं म्हणालो. किती खेळतो, कसं खेळतो, हे बोललो नाही. त्यामुळे चहा झाल्यावर जावई आदराने म्हणाले, "बाबा, उद्या मॅच आहे म्हणे. थोडं खाली पार्किंगमध्ये जाऊया का?"

पार्किंगमध्ये मी त्यांना स्टेपओव्हर दाखवली. शपथ मॅचपुरती होती. मन लावून केली, तीनदा. जावयांनी शेवटपर्यंत बघितलं.

"छान आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "बाबा, समोरचे लोक खेळलेले आहेत का?"

"छे. एकालाही येत नाही."

"मग ते फसणार कसे?"

मला कळेना. ते म्हणाले, "म्हणजे बघा, ज्याला खेळ येतो तो तुमच्या पायांकडे, कमरेकडे बघून अंदाज बांधतो, की आता हा डावीकडे जाणार. तो अंदाज चुकवायचा, म्हणजे ट्रिक. ज्याला येतच नाही, तो अंदाज बांधत नाही. तो नुसता बॉलकडे बघतो."

मला एकदम निफाडकर दिसला. कमरेवर हात. झालं का, भाऊ. तीन वर्षांचा अभ्यास, दोन चपला, एक कंबर, आणि मुद्दा हा होता की ज्याला चकवायचं त्याला थोडं फुटबॉल यायला हवं! त्या हिशेबाने मला फक्त पाण्याच्या टाकीने न्याय दिला होता.

"तुम्हाला बॉल पायाखाली दाबून उभं राहता येतं?" जावयांनी विचारलं.

"ते कुणाला येत नाही?"

"आणि कुणी घ्यायला आला तर? पाठ त्याच्याकडे करायची, बॉल पुढे, मध्ये आपण. तो डावीकडून आला की आपण थोडं फिरायचं. बस. एवढंच. आमच्या कोचचं म्हणणं, चाळिशीनंतर हीच ट्रिक. तुमची तर..." ते अडखळले. "तुमची तब्येत याला चांगली आहे."

जावई किती शहाणे आहेत हे मला तेव्हा समजलं. 'तब्येत' हा शब्द त्यांनी ज्या ठिकाणासाठी वापरला त्याला बायको वेगळं काही म्हणते.

सरावात एक अडचण आली. मी बॉल दाबून उभा राहिलो, पाठ जावयांकडे, आणि ते मागून बॉल घ्यायला येणार. पण धक्का मारायला ते तयारच होईनात. सासऱ्याला मागून ढकलायचं म्हणजे काय! ते दोन बोटांनी माझ्या खांद्याला शिवायचे आणि "सॉरी" म्हणायचे. शेवटी वरच्या खिडकीतून बघणारी मुलगी खाली आली. "तू सरक," ती नवऱ्याला म्हणाली, आणि तिने मला असा धक्का मारला की मी शेजाऱ्यांच्या गाडीवर जाऊन आपटलो.

"बाबा, गुडघे वाकव ना थोडे! उभा काय राहतोस बोर्डासारखा?"

अर्धा तास तिने मला ढकललं. लग्नाच्या खर्चाचं, पाठवणीचं सगळं दुःख त्या अर्ध्या तासात गेलं.

रविवारी सकाळी बायकोने जावयांना माझ्याबरोबर धाडलं. "तुम्ही लक्ष ठेवा हं," ती दारात म्हणाली. "ट्रिक केली की मला फोन करा." जावई हसले. ती हसली नाही.

कारखान्यामागे ट्रक उभे राहतात त्या मोकळ्या जागेत आमचं मैदान. मुरमाची जमीन, मधूनच गवताचा पुंजका, पावसाने पडलेले चार-पाच खड्डे, ज्यांची जागा दोन्ही गटांना पाठ आहे. चुन्याच्या रेघा मारून झाल्या, पिंपं लागली, आणि मग लक्षात आलं की पंच नाही. दरवर्षी गेटवरचे हवालदार शिट्टी वाजवायचे. ते दोन दिवसांपूर्वी गावी गेलेले, आणि शिट्टी तेवढी मागे ठेवून गेलेले. झालं, चर्चा सुरू. याचं नाव घेतलं की त्यांना नको, त्याचं घेतलं की आम्हाला नको.

निफाडकराने जावयांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे पाव्हणे कोण?"

"आमचे जावई," मी म्हणालो.

"फुटबॉल समजतं का पाव्हण्यांना?"

"खेळतात ते. मनमाडला."

"मग ठरलं की! हेच पंच."

आमची पोरंसुद्धा दचकली. त्याच्या गटातला एक जण म्हणाला, "अहो, त्यांचा जावई आहे. तिकडूनच शिट्टी मारंल."

"तुला काय नाय कळत," निफाडकर म्हणाला. "आपल्याकडं पंचाशी सगळ्यात जास्त कोण भांडतं? भाऊ. गेल्या साली हवालदाराची टोपी काढली व्हती यांनी. आता जावयाशी सासरा भांडंल का? लग्नाला सहा म्हैने नाय झाले. जावई काय पण म्हणू दे, भाऊ म्हणतील बरोबर हाय. याच्याएवढा निःपक्षपाती पंच अख्ख्या सातपुरात मिळायचा नाय."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता लक्षात आलं की माझं तोंड त्याने कुलूप लावून बंद केलं आहे. जावयांनी शिट्टी रुमालाने पुसली आणि माझ्याकडे न बघता गळ्यात अडकवली.

मला पोरांनी सगळ्यात मागे उभं केलं. काम एकच, आलेला बॉल लांब मारायचा. पहिल्या वीस मिनिटांत माझ्याकडे बॉल नऊ वेळा आला आणि मी नऊ वेळा लांब मारला. त्यातला एक ट्रकच्या टपावर गेला, पण मारला. आमच्या एका पोराने गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात निफाडकराने बुटाच्या टोकाने असा काही सणसणीत मारला की आमच्या गोलकीपरने त्याला हात लावायच्या ऐवजी डोळे मिटले. एक-एक.

आणि मग पाच-सात मिनिटं उरलेली असताना बॉल माझ्यापाशी आला, हळू, गोंडस, सुट्टा. समोरून निफाडकर धावत येतोय. लांब मारायचा. मला माहीत होतं. पण पाय हा अवयव विचित्र आहे. तीन वर्षं गच्चीवर रोज संध्याकाळी त्याला जे शिकवलं होतं ते त्याला आठवलं. माझा उजवा पाय बॉलवरून फिरला. एकदाच. शपथेवर सांगतो, मी फिरवला नाही, तो फिरला. फिरता फिरता टाच बॉलला घासली, बॉल सरकला, मुरमातल्या दगडावर आपटला आणि उसळून सरळ माझ्या हातावर आला.

शिट्टी वाजली.

आमच्या पिंपांपासून पाचच पावलांवर. जावई हात लांब करून जागा दाखवत उभे. कान लाल झालेले, पण हात सरळ. "पेनल्टी," ते म्हणाले आणि मग आवाज उतरवून, "बाबा, हाताला लागला."

पोरं माझ्याकडे बघत होती. मामा माझ्याकडे बघत होते. गेल्या वर्षी मी अशा वेळी दहा मिनिटं भांडलो असतो. म्हणालो असतो की हात नव्हता, खांदा होता, दगड होता, वारा होता. तोंड उघडलंसुद्धा.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"बघा!" निफाडकर आपल्या गटाला म्हणाला. "म्या काय म्हणलं व्हतं?"

मी मागे जाऊन उभा राहिलो. डोळ्यांसमोर पाट दिसत होता, पाटावर उभा केलेला मोबाईल, आणि त्याच्याशेजारी बसून 'यजमान कुठे' विचारणाऱ्या विहीणबाई. पेनल्टी निफाडकरच मारणार होता. मघासारखा बुटाच्या टोकाने मारला असता तर विषय संपला असता. आमचा गोलकीपर तर आधीच डोळे मिटून उभा होता.

पण निफाडकर चार पावलं मागे गेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला काहीतरी ओळखीचं दिसलं. तोंडाचा कोपरा जरा वर गेलेला, नजर लांब कुठेतरी. हा चेहरा मी गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात स्वतःचा बघितलेला आहे. मला एकदम कळलं. यालाही मोबाईल आहे.

तो धावत आला, ऐन बॉलपाशी थबकला, आणि बॉल खालून अलगद उचलून गोलकीपरच्या डोक्यावरून टाकायला गेला. हिरवळीवर ते फार सुंदर दिसतं. मुरमात त्याचा बूट बॉलच्या चार बोटं आधीच जमिनीत घुसला. धुरळा उडाला. बॉल दोन-तीन फूट घरंगळला आणि थांबला. गोलकीपरने एक डोळा उघडून बघितलं आणि चालत जाऊन बॉल उचलला.

निफाडकर एका पायावर उभा राहून बुटाचं टोक चोळत होता. मी फार सभ्य माणूस आहे, पण तीन वर्षं हे वाक्य मनात सांभाळून ठेवलेलं.

"झालं का, भाऊ?" मी विचारलं.

तो स्वतःच एवढा हसला की खाली बसला. तो हसत बसलेला असताना गोलकीपरने बॉल लांब फेकला, पुढे आमची दोन पोरं होती आणि त्यांचं मागे कुणीच नव्हतं. दोन-एक.

आता फक्त तीन मिनिटं. त्यांचे सगळे तुटून पडले. बॉल परत माझ्याकडे आला, आणि आमची पोरं एका सुरात ओरडली, "दादा, नाऽऽही!" लांब मारला असता तर तो त्यांच्याच कुणाला मिळाला असता, कारण पुढे आमचं कुणी उरलंच नव्हतं. मी बॉल ढकलत ढकलत चुन्याच्या रेघेच्या कोपऱ्यात नेला, त्याच्यावर पाय ठेवला, गुडघे वाकवले, आणि सगळ्या मैदानाकडे पाठ केली.

निफाडकर आला. डावीकडून आला, मी थोडा फिरलो. उजवीकडून आला, मी थोडा फिरलो. तो मागून ढकलत होता, पण आदल्या दिवशी माझी मुलगी याच्या दुप्पट जोराने ढकलत होती. "ओ भाऊ, खेळा की राव! हे काय उभं राहणं हाय?" तो माझ्या पाठीशी ओरडत होता. मग आणखी एक आला. दोघांच्या मध्ये मी, पुढ्यात कुंपणाची भिंत, भिंतीवर कुणीतरी खडूने काढलेला बाण. तो बाण मी जन्मभर विसरणार नाही. बॉल एकदा गेला, त्यांच्याच पायाला लागून बाहेर गेला. आम्ही तो आत टाकला, परत माझ्याकडे. परत पाय, परत पाठ.

माझ्या अंदाजाने वेळ केव्हाच संपली होती. मान वळवून बघितलं तर जावई घड्याळाकडे बघत दोन बोटं दाखवत होते. दोन मिनिटं वाढवली! पेनल्टीत हसण्यात गेलेला वेळ! मनात आलं, याला हुंड्याची हौस नाही म्हणून आम्ही केवढे खूश झालो होतो, आणि आता हा दोन मिनिटं मागून घेतोय. पण भांडता येत नव्हतं, त्यामुळे उभा राहिलो. मांड्या थरथरायला लागल्या, घाम डोळ्यांत उतरला, आणि निफाडकर कानाशी म्हणाला, "भाऊ, पाया पडतो, सोडा ना बॉल."

शिट्टी वाजली. लांब, दोनदा.

मी तिथेच, बॉलवरच बसलो. पोरं अंगावर पडली. मामा लांबून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "या वर्षी नातवाला मी पहिल्यांदा फुलबाजी लावून देणार." मला बोलायला दम नव्हता, नाहीतर कदाचित रडलो असतो.

आमच्यात आणखी एक रीत आहे. जिंकलेल्या गटाने लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भट्टीवरच्या चौघांना फराळ पोचवायचा. मॅच जिंकल्यानंतर हे काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं. पूजेच्या आधी, उजेड असतानाच, मी आणि जावई डबे घेऊन गेलो. मी जुनाच शर्ट घातलेला. निफाडकर आत भट्टीपाशी अवजारांच्या पेटीवर मोबाईल टेकवून बसला होता. पलीकडून त्याची बायको काहीतरी सांगत होती आणि मधेच तिचं चित्र अडकत होतं.

"पेटीवर नको ठेवू," मी म्हणालो. "तिकडे पंख्याच्या खांबाला अडकव. तिथे रेंज टिकते." तीन वर्षांचा अनुभव फुकट जाऊ नये असं वाटलं.

त्याने खांबाला अडकवला. चित्र हललं. पलीकडून त्याची बायको म्हणाली, "आता दिसता!" त्याने डब्यातली चकली उचलली, एक जावयांच्या हातात दिली. "पाव्हणं, पुढच्या साली पण तुम्हीच पंच. पण ती दोन मिन्टं चार करा."

परत येताना गेटमधून बाहेर पडलो आणि मागे गेट बंद झाल्याचा आवाज आला. तीन वर्षं तो आवाज मी आतून ऐकला होता. बाहेरून तो फारच छान वाटतो.

पूजेला मी पाटावर बसलो. नव्या शर्टाला उदबत्तीचा वास येत होता. आरतीच्या वेळी तोंड उघडलं, आणि मिटलंसुद्धा. विहीणबाईंनी काहीच विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं.

जेवताना बायकोने जावयांना करंजी वाढली आणि सहज आवाजात म्हणाली, "त्या दिवशी तुमचा फोन आला नाही तो. म्हणजे यांनी ट्रिक केली नाही ना? भट्टीवर हात ठेवून शपथ घेतली होती यांनी."

माझा घास हातातच राहिला. मुलीने माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. जावई पंच होते. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो, पाच पावलांवरून सासऱ्याविरुद्ध पेनल्टी देणारा माणूस. त्यांनी करंजीचा तुकडा सावकाश खाल्ला, पाणी प्यायले.

"आई, तो बॉल दगडाला लागून उडाला होता," ते म्हणाले.

"बघ," मी म्हणालो, आणि माझ्या ताटातली दुसरी करंजी उचलून त्यांच्या ताटात ठेवली.